आईचं मनगट मोडलं, आता वर्षातून एकदा घ्यायचं हाडांचं सलाईन सांगितलंय. नुसतं कॅल्शियम पुरणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की आई ६७ वर्षांच्या आहेत, न्हाणीघराच्या दारात पाय सरकून हातावर पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं. नंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे २.८ आला, म्हणजे हाड ठिसूळ झाल्याचं निघालं, म्हणून डॉक्टरांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन सुचवलं. इकडे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जबडा सडतो, मांडीचं हाड तुटतं' असं काही फिरतंय, आणि आईंचं म्हणणं आहे, 'पडले म्हणून मोडलं, त्यात हाडांचा काय दोष? कॅल्शियम घेतेच आहे की.'

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं जिल्ह्याच्या गावी काम करतोय. आधी थेट उत्तर देतो: नाही, त्यांना नुसतं कॅल्शियम पुरणार नाही. आणि तुमच्या डॉक्टरांनी मनगट जोडून न थांबता पुढचा विचार केला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

कारण सुरुवातीची काही वर्षं मी तो केला नव्हता. साठीतली बाई मनगट मोडून यायची. मी हाड बसवायचो, प्लास्टर घालायचो, सहा आठवड्यांनी काढायचो, कॅल्शियम लिहून द्यायचो आणि आपलं काम झालं असं समजायचो. त्यातल्याच काही जणी पाच-सात वर्षांनी स्ट्रेचरवरून यायच्या, खुबा मोडून. एका आजींच्या मुलाने जुने कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवले, त्यात माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: मनगट, प्लास्टर, कॅल्शियम. ऑपरेशन नीट झालं, बॉल बसवला, आजी चालायलाही लागल्या. पण वॉकर काही सुटला नाही, आणि रोज शेतावर जाणारी ती बाई ओसरीवरून पुढे गेली नाही. तो खुबा वाचवायची संधी माझ्याकडे आली होती, आणि ती मी प्लास्टरसोबत कापून टाकली.

तर आईंच्या मुद्द्याकडे येऊ. पडल्या म्हणून मोडलं, हे खरंच. पण उभ्या-उभ्या पडल्यावर धडधाकट हाड मोडायला नको. गाडीवरून पडणं वेगळं, माळ्यावरून पडणं वेगळं. उभ्या उंचीवरून पडून मनगट, खुबा, खांदा किंवा मणका मोडला, तर हाड आतून विरळ झालंय असंच धरून चालायचं. बाईची पाळी बंद झाली की पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने झिजतं. हाड खाणाऱ्या पेशींचा वेग वाढतो आणि बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. मोडलेलं मनगट हीच बऱ्याचदा पहिली खबर असते.

आता कॅल्शियम. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. १९९२ साली फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३,२७० बायकांवर एक चाचणी झाली. सरासरी वय ८४. निम्म्या जणींना रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तर दीड वर्षात त्यांच्यात खुबे मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी भरलं. पण त्या बायका बाहेर उन्हात न जाणाऱ्या होत्या, अंगात दोन्हींची कमतरता होती. हिंडत्या-फिरत्या बायकांमध्ये असं घडलं नाही. अमेरिकेत ३६,२८२ बायकांवर असाच प्रयोग झाला. २००६ साली निकाल आला: खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठामपणे सांगता येईल असा फरक नाही, मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी जास्त. नुसत्या ड जीवनसत्त्वाचा निकाल २०२२ साली आला. पंचवीस हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षं रोज २,००० युनिट किंवा खोटी गोळी दिली. मुळात ज्यांना कमतरता नव्हती अशा लोकांची हाडं त्याने वाचली नाहीत.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पुरावा दुसरीकडेच आहे. तुमच्या आईंना जे सलाईन सांगितलंय, त्याची मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली, नाव 'होरायझन'. ६५ ते ८९ वयाच्या ७,७६५ बायका. अर्ध्यांना वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक ॲसिड, अर्ध्यांना नुसतं खारं पाणी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मात्र दोन्ही गटांना रोज दिलं होतं. म्हणजे खाऱ्या पाण्याचा गट हा 'नुसतं कॅल्शियम'वाल्यांचाच गट. आई जे उपचार स्वतःसाठी मागतायत, तेच त्या साडेतीन हजारांहून जास्त बायकांना तीन वर्षं मिळाले. त्यांचं काय झालं? शंभरातल्या जवळजवळ ११ जणींचा नवा मणका दबला. सलाईन मिळालेल्यांत हाच आकडा ३.३. यातले बरेच मणके फक्त एक्स-रेत दिसले, बाईला कळलेही नव्हते, हेही सांगायला हवं. खुबा मोडण्याचं प्रमाण २.५ टक्क्यांवरून १.४ वर आलं. आकडा छोटा दिसतो. ज्या घरात खुब्याचं फ्रॅक्चर होऊन गेलंय त्या घराला तो छोटा वाटत नाही.

त्याच वर्षी दुसरी चाचणी आली, खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या २,१२७ लोकांवर. सलाईन ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत दिलं. नवी फ्रॅक्चर १३.९ टक्क्यांवरून ८.६ वर आली. आणि मृत्यूही कमी झाले, १३.३ च्या जागी ९.६ टक्के. हाडाच्या औषधाने माणसं जगतात हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत सुरुवातीपासून वाचलं होतं. दरवेळी असंच होईल असा दावा कुणी करू नये, नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो फायदा दिसलेला नाही. पण फ्रॅक्चर टळण्याबद्दल आता शंका उरलेली नाही.

आता तुमची भीती. ती खोटी नाही, म्हणून एकेक बघू. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, फ्लूसारखी कणकण येते, साधारण तिघींतल्या एकीला. ही गोष्ट आधी सांगितली नाही की घरचे घाबरतात आणि दुसरं सलाईन कधी होतच नाही. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायचं, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल हाताशी ठेवायची. दुसऱ्या वर्षी हा त्रास बराच कमी असतो.

जबड्याचं हाड उघडं पडण्याचा प्रकार खरा आहे, पण तो प्रामुख्याने कॅन्सरच्या रुग्णांत दिसतो. त्यांना हेच औषध कितीतरी जास्त वेळा देतात. 'होरायझन'मध्ये तीन वर्षांत अशा दोन केस निघाल्या, एक औषधाच्या गटात आणि एक खाऱ्या पाण्याच्या. तरीही दात काढायचा किंवा इम्प्लांट बसवायचं राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या. हिरड्या भरल्या की मग सलाईन.

मांडीचं हाड मधूनच आडवं तुटणं हेही होतं, आणि या बाबतीत मी आपल्या लोकांना जरा जास्त सावध करतो. कॅलिफोर्नियात जवळपास दोन लाख बायकांच्या नोंदी तपासून २०२० साली जे लिहिलं गेलं, त्यात आशियाई वंशाच्या बायकांना हा धोका गोऱ्या बायकांपेक्षा बराच जास्त दिसला. तरी हिशेब काय निघाला बघा. दहा हजार आशियाई बायकांनी तीन वर्षं या जातीची औषधं (बिस्फॉस्फोनेट, झोलेड्रोनिक त्यातलंच) घेतली तर ९१ खुबे वाचतात आणि असे ८ मांडीचे प्रकार घडतात. वर्षं वाढत गेली की हा धोका वाढतो, औषध थांबवलं की भराभर उतरतो. म्हणून हे औषध जन्मभर घ्यायचं नसतं. बहुतेकांना तीन वर्षांनी थांबून पुन्हा तपासता येतं, कारण ते हाडात मुरून राहतं. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत कारण नसताना दुखायला लागलं तर 'वातामुळे असेल' म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

सलाईनच्या आधी दोन रक्ततपासण्या हव्यात. क्रिएटिनिन, कारण त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा (क्रिएटिनिन क्लिअरन्स) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पातळी, कारण ड अगदी कमी असताना सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. ड भरून काढायला साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला काही काळ घेणं ठीक. पण एकाच वेळी सहा लाख युनिटचं इंजेक्शन टोचून मोकळं होण्याची जी पद्धत आहे, ती मी सोडली. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले, तर त्या जास्त वेळा पडल्या आणि जास्त हाडं मोडली. चांगली गोष्ट एकदम ओतली की चांगली राहतेच असं नाही.

एक इशारा मात्र विसरू नका. कुणी सलाईनऐवजी डेनोसुमॅब सुचवेल, दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडावर घ्यायचं इंजेक्शन. औषध उत्तम आहे. २००९ च्या चाचणीत मणक्याची फ्रॅक्चर ७.२ टक्क्यांवरून २.३ वर आणली त्याने, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तरी, कॅल्शियमवर लक्ष ठेवून, देता येतं. पण ते हाडात मुरत नाही. सहा महिने उलटले की झीज उसळी मारून परत येते, आणि एकापाठोपाठ तीन-चार मणके दबलेल्या बायका मी पाहिल्यात. कुणी तीर्थयात्रेला गेल्या म्हणून तारीख चुकली, कुणाचा मुलगा बदलीवर गेला आणि पैशांची सोय लागली नाही. हे इंजेक्शन सुरू करताना ते बंद कसं करणार आणि बंद केल्यावर कोणतं औषध लावणार, हे ठरलेलं असायला हवं.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार, कारण यातला एक अभ्यास मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियातच ६० वृद्धाश्रमांमध्ये सात हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. निम्म्या आश्रमांनी फक्त ताटात दूध, दही, चीज वाढवलं. कॅल्शियम रोज ११४२ मिलिग्रॅमवर गेलं आणि प्रथिनंही वाढली. दोन वर्षांत खुब्याची फ्रॅक्चर ४६ टक्क्यांनी कमी. २०२१ साली हे छापून आलं. आपल्याकडच्या आजी रात्री चहा-पोळीवर भागवतात आणि उपासाच्या दिवशी नुसती भगर खातात, तिथे हे फार लागू पडतं. रोज दोन कप दूध किंवा ताजं दही, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, खात असतील तर अंडं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, भाकरी करा, आंबील करा. ताटातून पुरेसं जात असेल तर कॅल्शियमची गोळी एकच पुरते.

आणि न्हाणीघर. जिथे पडल्या ती फरशी अजून तशीच आहे ना? भिंतीला पकडायला दांडा, खरखरीत पायपोस, रात्री जळणारा छोटा दिवा. झोपेची गोळी चालू असेल तर ती खरंच हवी का ते विचारा. मोतिबिंदू पिकायची वाट बघत बसला असाल तर काढून घ्या.

दोन गोष्टी आईंसोबत बसून तपासा. एक, त्यांची उंची. तरुणपणी किंवा लग्नात किती होती ते आठवा आणि आता भिंतीला टेकवून मोजा. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त घटली असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला सांगा, कारण दबलेल्या मणक्यांपैकी निम्म्याहून जास्त कुणाच्या लक्षातच येत नाहीत. मणका दबलेला निघाला तर कमरेतून पुढे वाकण्याची आसनं बंद, पाठ ताठ ठेवून करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. दुसरी, गुडघेदुखीवर कुठून पुड्या आणून खातायत का. झटकन आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडने हाड जितकं लवकर पोखरतं तितकं क्वचितच कशाने.

प्लास्टर अजून असेल तर हाड जुळेपर्यंत सलाईन थांबवायची गरज नाही. खुब्याच्या त्या चाचणीत औषधामुळे हाड उशिरा जुळलं असं दिसलं नाही. मी मोडल्यापासून दोन आठवडे जाऊ देतो, तोवर रक्ताचे रिपोर्ट येतात आणि दातांचंही पाहून होतं. तुम्ही क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्वाचे आकडे इथे लिहिलेत तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी सांगेन.