ब्रेक पॅड बदलल्यावर चाक घासतंय आणि गॅरेजवाला किल्ली देत नाही

प्रश्न : मी कराडची, नोकरी चिपळूणला. दर शनिवारी कुंभार्ली घाटातून स्वतः गाडी चालवत घरी येते. चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. पॅडचे 3,400 रुपये बिलासह, मजुरीचे 1,200 बिलाशिवाय. तिसऱ्या दिवसापासून ब्रेक न दाबताही पुढच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज येतो आणि ते चाक तापतं. पहिल्यांदा गेले तेव्हा "नवे पॅड आहेत, बसतील" म्हणाले. दुसऱ्यांदा पॅड काढून पॉलिश पेपरने घासून दिले. तिसऱ्यांदा गाडी ठेवून घेतली. आता म्हणतात, दोन्ही डिस्क (पॅड ज्यांवर दाबले जातात त्या चकत्या) गेल्या, 7,800 लागतील. नको असेल तर गाडी खोलल्याचे 900 भरा, तोवर किल्ली मिळणार नाही. पॅड बसवून आज 19 दिवस झाले. जुने पॅड संपल्याचा आवाज त्याआधी दीड महिना येत होता, हेही सांगते. एवढ्याशा रकमेसाठी तक्रार करावी का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा 19 हा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. केलेल्या कामाचं बिल न देणं ही एक. दुसरी, सदोष माल परत घ्यायला किंवा सदोष सेवेचे पैसे परत करायला बिलात लिहिलेल्या मुदतीत नकार देणं. बिलात मुदत नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे तुमच्या हातात अजून 11 दिवस आहेत. एवढ्यात तुमची लेखी मागणी त्यांच्या हातात पडली पाहिजे. तीन वेळा तोंडी सांगितलंत ते खरं, पण ते उद्या नाकारलं जाईल.

आता किल्लीचं. भारतीय करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे वस्तूवर कौशल्याचं काम करणाऱ्याला, त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडकवून ठेवता येते. गॅरेजवाला याच हक्कावर बसला आहे. पण हा हक्क झालेल्या कामापुरता असतो. न बसवलेल्या डिस्कच्या 7,800 साठी गाडी एक तासही अडवता येत नाही. राहिले 900. स्वतःच्याच कामातली चूक शोधायला चाक खोललं, त्याची मजुरी मागणं मला मुळीच पटत नाही. तरीही माझा सल्ला असा की 900 भरा, पावती मागा आणि पावतीच्या दोन्ही प्रतींवर "हक्क राखून, तक्रारीसह रक्कम भरली" असं लिहून सही करा. ते पैसे नंतर मागता येतात. गाडी महिनाभर तिथे राहिली तर पुरावाही त्यांच्याच हातात राहतो.

याच पुराव्यावर तुमची तक्रार उभी राहील किंवा पडेल. नवे पॅड बसल्यावर सुरुवातीला थोडा आवाज येऊ शकतो, हे गॅरेजवाला सांगेल आणि ते खोटं नाही. मात्र ब्रेक न दाबता घासणं आणि एकच चाक तापणं वेगळं. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिन जाम असणं, पिस्टन मागे न सरकणं, क्लिपा नीट न बसणं, डिस्कमागचा पत्रा वाकून घासणं यांपैकी काहीतरी असतं. पॅड बदलताना पिना काढून साफ करणं, ग्रीस लावणं हा कामाचाच भाग आहे. तो केला नसेल तर कायद्याच्या भाषेत ती सेवेतली त्रुटी. पण ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल. म्हणून दुसऱ्या कोणालाही ब्रेक दुरुस्त करू देण्याआधी गाडी तुमच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि लेखी तपासणी अहवाल घ्या. त्यात पॅड, पिना, पिस्टन यांची अवस्था आणि दोन्ही डिस्कची मोजलेली जाडी असू द्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. चाक उघडं असताना फोटो घ्या, मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका. लोक आधी दुरुस्ती करून घेतात आणि मग माझ्याकडे येतात. तेव्हा दाखवायला फक्त नवं बिल उरतं.

दीड महिन्याच्या आवाजाचं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट सांगते. संपलेल्या पॅडवर गाडी चालवल्याने डिस्कवर चरे पडतात. तसं असेल तर डिस्कची पूर्ण किंमत गॅरेजवर टाकता येणार नाही, आणि तशी मागणी केलीत तर तुमचं बाकीचं खरं म्हणणंही संशयात येईल. प्रश्न असा विचारा : डिस्क तेव्हाच खराब होत्या, तर पॅड बसवतानाच का सांगितलं नाही? 3,400 रुपयांचे पॅड अशा डिस्कवर चढवलेच का? तेव्हा सांगितलं होतं आणि तुम्हीच नको म्हणालात, असं असेल तर मात्र तुमची बाजू बरीच लंगडी होते.

पॅडच बनावट होते असा आरोप खोक्याचा किंवा अहवालाचा आधार असल्याशिवाय करू नका. तसं म्हटलं की पॅड प्रयोगशाळेत पाठवायचा प्रश्न येतो, शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं आणि तक्रार निकाली काढायची मुदत 3 महिन्यांवरून 5 महिन्यांवर जाते.

पत्र साधं लिहा : तारखा, तीन खेपांत काय झालं, गाडीची आणि मजुरीच्या बिलाची मागणी, 4,600 आणि 900 परत, टोइंग व तपासणीचा खर्च, उत्तरासाठी 15 दिवस. पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, त्याची प्रत व्हॉट्सअॅपवरही टाका. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तिथे मराठीत बोलता येतं. बऱ्याचदा एवढ्यावर गॅरेजवाला मऊ येतो.

नाही आला तर तक्रार जरूर करा. माल-सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क शून्य आहे, वकील सक्तीचा नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. गॅरेज चिपळूणचं असलं तरी तुम्ही राहता कराडला, म्हणून साताऱ्याच्या आयोगातही तक्रार चालते. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते.

एक गोष्ट मात्र काळजीपोटी बजावते. गाडी हातात आली की ती टोइंगनेच हलवा. दोष माहीत असताना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली गुन्हा आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तुम्हाला दोष माहीत आहे, हे तुमचंच पत्र सांगेल. कुंभार्लीच्या उतारावर चाक तापून ब्रेक गेला तर कुठला आयोग भरपाई देणार? ब्रेक नीट होईपर्यंत शनिवारी एसटीने घरी या.