तांबट तेव्हा आला की आधीपासूनच होता?

प्रश्न : ताई, विषय जुना आहे पण परवा घरात परत निघाला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या प्रतापनगरात दुपारी खिडकीत बसलं की कुठूनतरी टुक टुक टुक ऐकू यायचं, थांबायचंच नाही, आणि समोरच्या उंबरावर दोनदा धनेश दिसला, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हणते निसर्ग परत आला होता. सासूबाई म्हणतात, काही नाही, पाखरं इथंच होती, तुम्हीच घरात नसायचे. खरं काय? आणि आता ती गेली कुठं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सासूबाईंना नमस्कार सांगा, बारा आणे त्याच बरोबर आहेत. टुक टुक करणारा तो तांबट, चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज म्हणून हे नाव. थंडीत तो फारसा बोलत नाही, उन्हं तापायला लागली की सुरू होतो, आणि लॉकडाऊन लागलं 25 मार्चला. म्हणजे नेमकं त्याच्या सीझनमध्ये! डिसेंबरात लागलं असतं तर तुम्हीच लिहिलं असतं की ताई, किती सुनं सुनं वाटतं.

धनेशाचंही तसंच. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर बिचारा दिवसभर उंबर-पिंपळाची फळं नेऊन भरवतो. तिचं क्वारंटाइन दरवर्षीचंच आहे, आपलं तेवढं पहिल्यांदा झालं. तुम्हाला दिसला तो बहुतेक डबा घेऊन निघालेला नवरा.

उरलेले चार आणे तुमचे. रस्ते बंद, विमानं बंद, मेट्रोचं खोदकाम बंद, त्यामुळे आवाज लांबून यायचा. आपल्याला वाटलं पक्षी जोरात गातायत, पण सॅन फ्रान्सिस्कोत त्याच वर्षी एका छोट्या गाणाऱ्या पक्ष्याचं मोजमाप झालं तर तो उलट हळू गात होता आणि तरी जास्त लांब ऐकू जात होता. एरवी बिचारे ट्रॅफिकवर ओरडत असतात. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे कूलर. त्या वर्षी दुकानं बंद, नवीन ताट्या मिळेनात, आमचा कूलर तर एप्रिलभर गच्चीवरच पडून होता, खिडक्या उघड्या. कूलर सुरू असताना बाजूच्या खोलीतला माणूस ऐकू येत नाही, तांबट काय येणार.

व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले वगैरे फॉरवर्ड मात्र सोडा, तो व्हिडिओ तिथला नव्हताच.

एक मनातलं सांगते, 2021 च्या एप्रिलमध्येही रस्ते सुनसान होते, पण तेव्हाचे पक्षी मला एकाही वाचकानं लिहून विचारले नाहीत. रात्रभर ॲम्ब्युलन्सच ऐकू यायची ना. म्हणून "किती छान शांतता होती" असं लिहिताना माझाही हात अडखळतो.

आता गेले कुठं? कुठंच नाही. मार्चमध्ये कूलर बसवायच्या आधी पहाटे साडेपाचला गच्चीवर जा, नाहीतर सेमिनरी हिल्सला चक्कर मारा, तांबट नक्की मिळेल. धनेशाची मी गॅरंटी देत नाही, त्याला फळाचं झाड लागतं आणि ढोलीवालं जुनं झाड लागतं. समोरचा उंबर अजून उभा आहे का, ते तुम्ही लिहिलंच नाही.