पट हातात आल्यावर

चि. पैलवान,
अनेक आशीर्वाद.

बैठका हजारावर गेल्या, जोर पाचशे झाले, तरी निवड चाचणीत पहिल्याच फेरीत बाहेर, म्हणून चिडलायस. चिड. पण तू पाठवलेली लढत मी मोबाइलवर चारदा बघितली. दम शेवटपर्यंत होता की तुझ्यात.

तीनदा तू एकेरी पट काढलास, समोरच्याचा एक पाय धरायला शिरलास, तिन्ही वेळा पाय हातात आला. आणि तिन्ही वेळा तुझी मान खाली, नजर गादीवर. त्यानं पाय मागं फेकले, छातीचा भार तुझ्या खांद्यावर टाकला आणि गिरकी घेऊन ताबा मिळवला. दोन-दोन करत सहा गुण तिथंच गेले. तुझं डोकं त्याच्या बरगडीला घट्ट लागलेलं, पाठ सरळ आणि नजर वर असती, तर त्याला भार टाकायला जागाच नव्हती. हजार बैठकांत ही चूक सापडायची नाही. बैठक मारताना समोर कुणी नसतं.

म्हणून आता महिनाभर एवढंच कर. जोडीदाराचा पाय हातात घेऊनच सुरुवात करायची. पट काढायचा सराव नको, तो तुला येतो. त्यानं भार टाकायचा, तू डोकं वर ठेवून त्याला खाली आणायचं. आधी त्याला निम्म्या जोरानं रोखायला सांग, जमलं की पुऱ्या. रोज वीस मिनिटं, अंग ताजं असताना. दमल्यावर केलंस तर जुनीच खोड पक्की होईल.

यात तू पडणार, बारकी पोरंसुद्धा तुला पाडणार. तालमीत कोण कुणाखाली गेला याचा हिशेब सगळे ठेवतात, मला ठाऊक आहे. मी त्या लाजेपायी सहा वर्षं नुसती ढाक, बगलेत हात घालून फेकायचा एकच डाव, लावत राहिलो. मैदानात टाळ्या पडायच्या. मग गावोगावच्या पैलवानांना कळलं, याच्या उजव्या हाताला बगल द्यायची नाही. संपलं!

मातीवर चितपट होईपर्यंत खडाखडीत वेळ काढता यायचा. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, रिंगणाबाहेर पाय गेला तरी गुण जातो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य घेऊन आले. मधली चार वर्षं नुसत्या जोर-बैठकांत गेली असतील, असं मला वाटत नाही.

वही ठेवतोस ते बरं करतोस, पण तिच्यात जोरांचे आकडे भरू नकोस. आज गुण कशावर गेला आणि तेव्हा माझं डोकं कुठं होतं, एवढ्या दोन ओळी पुरेत. खुराकाचं विचारलंस. आहे तोच चालू दे. त्या महागड्या डब्यांच्या नादाला लागू नकोस.

दिवाळीला आलास की आखाडा खणायचाय. हळद, ताक, तेल मी बघतो, फावडं तू धर. माती बसली की पहिला पट माझ्यावर काढ. गुडघा गेलाय माझा, पण छातीचा भार अजून टाकता येतो.

तुझा,
वस्ताद