दहा नकोत, एक प्रोसेसर पुरे

प्रश्न: वय २६, हिंजवडीत सपोर्टची नोकरी, हातात ३४,००० रुपये येतात. कर्वेनगरला मित्रांबरोबर राहतो. तासगावला घरी ८,००० पाठवतो. ते धरून महिन्याचा खर्च २५,००० आहे. २,१०,००० रुपयांची एफडी आहे. दिवाळीनंतर वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं आहे, त्याचे ३०,००० मी देणार. मला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा नाद आहे. माझा एएमडीचा रायझन ३ ३१०० प्रोसेसर बॉक्सवर ३.९ गिगाहर्ट्झचा आहे, मी तो ४.३ ला स्थिर चालवतो. विचार असा आहे की एफडी मोडून १,२०,००० लावायचे. त्यातले ३०,००० टेस्ट बेंचला, म्हणजे तपासणीसाठी वेगळा पीसी जुळवायला, त्याचं कोटेशन जोडलं आहे, आणि ९०,००० मध्ये दहा रायझन ५ ५६००, प्रत्येकी ९,००० ने. दहाही किती वेगाला स्थिर चालतात ते तपासायचे. चांगले निघतील ते तीन १२,००० ला, मधले चार ९,५०० ला आणि उरलेले तीन खरेदीच्या भावात विकायचे. एका लॉटला ११,००० सुटतात, म्हणजे महिन्याला १२ टक्के. बंगळुरू, हैदराबादला कुरिअरने पाठवता येतील. (मागच्या महिन्यात चार जणांचे पीसी तपासून, पेस्ट बदलून दिले, प्रत्येकी ७०० मिळाले.) हा धंदा करावा का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतोच, आधी दहा प्रोसेसरचं बघू.

हा नाद मला परका नाही. १९९९ साली सदाशिव पेठेतल्या खोलीवर आम्ही तिघांनी वर्गणी काढून सेलेरॉन ३००ए घेतला होता. इंटेलने तो १९९८ मध्ये स्वस्तातला प्रोसेसर म्हणून आणला. बोर्डावरच्या बसच्या वेगाला गुणकाने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो. त्याचा गुणक ४.५ ला बांधलेला होता, पण बोर्डावरचा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० ला चालायचा. पन्नास टक्के वेग, एक रुपयाही जास्त न देता. पुढे एएमडीचा ड्युरॉन आला तेव्हा लोक त्याच्यावरचे तुटके पूल शिसपेन्सिलने जोडून गुणक मोकळा करत. त्या काळात तुमच्यासारख्या माणसाने दहा चिपा आणून निवडून विकल्या असत्या तर मी गणित मांडायला सोबत बसलो असतो.

आता मात्र ती पन्नास टक्क्यांची जागा कारखान्यातच विकली जाते. २००८ च्या अखेरीस इंटेलचं टर्बो बूस्ट आलं, एएमडीकडे पुढे प्रिसिजन बूस्ट आलं. प्रोसेसर स्वतःच तापमान, करंट आणि व्होल्टेज क्षणाक्षणाला मोजतो आणि जमेल तेवढा वर जातो. म्हणजे तुम्ही रात्रभर बसून जे शोधणार, त्यातलं बरंचसं तो बॉक्समधून निघतानाच करत असतो. तुमचा ३१०० हे थोडं फसवं उदाहरण आहे. तो रांगेतला सगळ्यात खालचा होता, कंपनीने त्याला मुद्दाम कमी वेगावर विकला, म्हणून तुम्हाला दहा टक्के मिळाले. ५६०० मध्ये तेवढी ढील नाही. ४.४ चा प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.६५ ला नेलात तर वाढ होते पावणेसहा टक्के. ती मिळवायला व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर न्यावं लागलं असं धरा. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यात वेगाची वाढ गुणायची. हिशेब केला तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते.

इथेच घोडं पेंड खातं. तुम्ही गिऱ्हाइकाकडून ९,००० च्या वस्तूचे १२,००० मागताय, म्हणजे ३३ टक्के जास्त, आणि देताय पावणेसहा टक्के वेग. वर वॉरंटीचा प्रश्न. तुम्ही जोडलेल्या तपकीर गल्लीतल्या कोटेशनमध्येच आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स १४,५०० ला आहे, सीलबंद, बिलासकट. ज्याच्या खिशात बारा हजार आहेत तो अडीच हजार आणखी घालून तोच घेईल. तुम्ही स्वतः गिऱ्हाईक असतात तर काय केलं असतंत?

अमेरिकेत नेमका हाच धंदा करणारी एक कंपनी होती, तिचं नावच सिलिकॉन लॉटरी. प्रोसेसर आणायचे, तपासायचे, किती वेगाला स्थिर चालतो ते लिहून चढ्या भावाने विकायचे. तिचं नाव झालेलं होतं, जगभरातून मागणी होती. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली आणि कारण हेच दिलं की ओव्हरक्लॉकिंगला जागाच कमी उरल्यामुळे आता परवडत नाही. त्यांचं जिथे बसलं नाही, तिथे कर्वेनगरच्या खोलीतून दहाच्या लॉटवर बसेल असं मला वाटत नाही.

तुमचा ११,००० चा आकडा मी पुन्हा मांडून पाहिला. सील फोडलेला प्रोसेसर बाजारात ‘वापरलेला’ ठरतो, मग तुम्ही तो तासभर चालवलेला असो की वर्षभर. त्यामुळे खरेदीच्या भावात परत विकला जाईल हे गृहीतकच धरता येत नाही. तीन चांगल्यांवर १,५०० प्रमाणे ४,५०० सुटले, मधल्या चारांवर ५०० प्रमाणे २,००० गेले, उरलेल्या तिघांवर १,२०० प्रमाणे ३,६०० गेले, तर लॉटच्या शेवटी १,१०० रुपये पदरचे जातात. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही ते थोडे वरखाली करून बघा. पण तुमचे ११,००० येण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्याच मनासारखं वागावं लागतं. विजेची काळजी करू नका, दहा चिपा प्रत्येकी बारा तास चालवल्या तरी वीसेक युनिट होतील. खरा खर्च तुमच्या वेळेचा आहे. एका चिपमागे पाच तास हात घालावा लागला तर लॉटला पन्नास तास. नोकरी सांभाळून.

आणि चिप हाताळण्याची जोखीम. एएम४ च्या, म्हणजे ५६०० ज्या सॉकेटात बसतो त्या जातीच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात, केसासारख्या. थंड पडलेला कूलर सरळ वर ओढला की घट्ट झालेली पेस्ट प्रोसेसरलाच धरून ठेवते आणि तो सॉकेटचा लिव्हर बंद असतानाही कूलरला चिकटून बाहेर येतो. तुम्हाला हे माहीत असणार: आधी मशीन थोडं तापवायचं, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवायचा. एकदा-दोनदा सगळेच नीट करतात. दहा प्रोसेसर प्रत्येकी दोनदा चढवा-उतरवायचे म्हणजे वीस वेळा, तेही रात्री अकरानंतर, दमलेल्या हातांनी. एका कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या की ९,००० रुपये गेले, आणि ते वॉरंटीत बसत नाहीत.

वॉरंटीबद्दल स्पष्ट सांगतो, कारण पैशापेक्षा तुमचं नाव यात जाऊ शकतं. ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवल्याने झालेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत येत नाही. ट्रे पॅकच्या, म्हणजे खोक्याशिवाय सुट्या मिळणाऱ्या चिपेला तर दुकानदार देईल तेवढीच हमी. मग ‘४.६५ ला टेस्टेड’ असं लिहून तुम्ही विकलं, की त्या वाक्याची हमी तुमची झाली. डिसेंबरात तुमच्या खोलीत वीस अंशांना जो प्रोसेसर रात्रभर स्थिर राहिला, तोच एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकल्यावर, दुसऱ्याच्या स्वस्त बोर्डावर आणि धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये तसाच राहील का? फोन तुम्हालाच येणार. जास्त व्होल्टेज सोसवत नाही हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चढ्या व्होल्टेजमुळे बिघाड होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे अशी दोन वर्षं निभावायला काय आहे?

अस्थिर मशीन दर वेळी निळा पडदा दाखवूनच थांबतं असंही नाही. आमचा तो सेलेरॉन महिनाभर छान चालला. परीक्षेच्या आधी प्रोजेक्टच्या झिप फायली उघडायला गेलो तर एकामागून एक चुकीचा चेकसम, म्हणजे फायली खराब. ४५० वर तो कधीमधी एखादा बिट चुकवत होता आणि आम्ही गेम चालतोय म्हणून खूश होतो. अठरा दिवसांचं काम पुन्हा टाइप केलं. म्हणून प्राइम९५ सारख्या चाचणीला मी मान देतो. ती मोठमोठ्या मूळ संख्यांची आकडेमोड करते आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे येतंय का ते पडताळत राहते. तीन तास चाळीस मिनिटांनी चाचणीच्या बारा समांतर कामांपैकी एकच (त्याला वर्कर म्हणतात) थांबतो, बाकी अकरा धावत असतात, पडद्यावर सगळं सुरळीत दिसतं. तो एक थांबलेला वर्कर ओळखणं आणि मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन व्हीया एरर, म्हणजे विंडोजने नोंदलेल्या हार्डवेअरच्या चुका शोधणं, हे फार थोड्यांना येतं. तुम्हाला येतं.

आता कंसातली ओळ. चार पीसी, प्रत्येकी ७००, एकूण २,८००. भांडवल शून्य. एका मशीनला दोन तास धरले तर तासाला ३५० रुपये. पन्नास तास राबून अकराशे गमावण्याच्या शेजारी हा आकडा लिहून ठेवा. लोक तुमच्याकडे वेगवान चिप मागायला आले नव्हते, ‘माझं मशीन मध्येच बंद का पडतं’ हे विचारायला आले होते. कर्वेनगर-कोथरूडला आर्किटेक्चरची मुलं रात्र-रात्र रेंडर लावतात, सबमिशनच्या आदल्या दिवशी मशीन पडलं तर त्यांना चांगल्या चिपेचं कौतुक नसतं, निदान हवं असतं. सेकंडहँड पीसी घेणाऱ्याला पैसे देण्याआधी कुणीतरी येऊन तासभर तपासून हवं असतं. तुमची विकण्यासारखी गोष्ट तुमचं कौशल्य आहे. माल विकत घेऊन ते मालात कोंडू नका.

म्हणून माझा सल्ला. सहा महिन्यांचा खर्च १,५०,००० आणि ऑपरेशनचे ३०,००० बाजूला काढले की एफडीतले ३०,००० मोकळे राहतात. बाकीच्याला हात नाही. १,२०,००० काढलेत तर मागे ९०,००० उरतील, त्यातून ऑपरेशन वजा केलं की नोकरी गेल्यास अडीच महिनेही निघणार नाहीत, आणि तासगावला पाठवायचे ८,००० सगळ्यात आधी थांबतील.

त्या ३०,००० तही नवा बोर्ड नको. तुमचा घरचा पीसी बी४५० बोर्डाचा आहे, बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की ५६०० त्यात बसतो. अपडेट मात्र जुना ३१०० बसवलेला असतानाच करा. कोटेशनमधला ६,००० चा पॉवर सप्लाय, ३,००० चा कूलर, १०,५०० चं रॅम आणि एसएसडी, आणि एक ५६००, सीलबंद आणि बिलाचा, ९,००० ला. झाले २८,५००. मोकळा झालेला ३१०० कपाटात न टाकता तपासणीचा खात्रीचा प्रोसेसर म्हणून ठेवा. गिऱ्हाइकाचं एएम४ मशीन उठत नसेल तर दोष प्रोसेसरचा की बोर्डाचा, हे तो बदलून पाहिलं की पंधरा मिनिटांत कळतं. पॉवर सप्लाय आणि रॅमचंही तसंच. नवा ५६०० ओव्हरक्लॉक करून बघायचा असेल तर जरूर बघा, वॉरंटी सोडायची तयारी ठेवून. मी असतो तर कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सोयीने व्होल्टेज खाली आणून उन्हाळ्यात थंड चालवण्यावर जास्त वेळ घालवला असता. अर्थात तेही कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच.

रक्कम हप्त्यांवर टाकू नका. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी कार्डावर येतेच.

बंगळुरूला कुरिअर करायचा बेत सोडा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर करपात्र माल विकला की पहिल्या रुपयापासून लागते. सेवेचं तसं नाही, तिथे २० लाखांपर्यंत मुभा आहे. तपासणीचे पैसे यूपीआयने घ्या, एका वहीत तारीख, मशीन आणि रक्कम लिहा. हे उत्पन्न धंद्याचं असल्याने रिटर्नला आयटीआर-१ चालणार नाही. नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय तेही आजच वाचा, एचआरला विचारायची वेळ आली तर लेखी विचारा.

दर ७०० चा ८०० करायला हरकत नाही, पण त्या बदल्यात एक पानाचा अहवाल द्या: आधीचं आणि नंतरचं तापमान, कोणती चाचणी किती तास चालवली, खोलीचं तापमान किती होतं, काय आढळलं. महिन्याला पाच मशीन आली तर सात-आठ महिन्यांत २८,५०० वसूल होतात. तोपर्यंत आलेले पैसे एफडीच्याच बँकेत वेगळ्या आरडीत टाका, दरमहा ३,००० ची सुरू करा, महिना रिकामा गेला तर पगारातून भरता येईल इतकी. सहा महिन्यांनी वहीची पानं आणि आरडीचा आकडा घेऊन पुन्हा लिहा. वडिलांचं ऑपरेशन कसं झालं तेही कळवा.