अर्ध्या तासात कान शिणवणारे स्पीकर बदलून कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की हॉल १२ बाय १४ फुटांचा आहे, खाली टाइल्स, धातूच्या ट्वीटरचे (ट्वीटर म्हणजे वरचे, बारीक स्वर काढणारा छोटा भाग) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचे, स्पीकर टीव्हीच्या युनिटवर ठेवलेत आणि अॅम्प्लिफायर ५० वॅटचा. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि जुनी भावगीतं. आवाज स्वच्छ येतो, पण अर्ध्या तासात बंद करावासा वाटतो. बजेट ५० हजार. मी स्वतः यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे खर्च करण्याआधी एक रविवार द्या. हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागोमाग पत्र्यावर खडे सांडल्यासारखा बारीक थरथराट ऐकू आला, तर अर्धा दोष खोलीचा आहे. आपला कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) पट्ट्यात सर्वात तिखट असतो, आणि टाइल्स, काच आणि उघड्या भिंती नेमका हाच भाग परत आपल्या अंगावर फेकतात. माझ्या घरी मी आईची जाड गोधडी दुहेरी करून स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये पसरली, पडदे ओढले आणि तेच गाणं पुन्हा लावलं. गायिकेच्या ‘स’ आणि ‘च’ची धार गेली. पाच मिनिटांत, एक रुपया न घालता. मग स्पीकर थोडे बाहेरच्या बाजूला वळवले, म्हणजे ट्वीटरचा रोख थेट कानावर न येता खांद्यावरून जाईल असे. आणखी फरक पडला.

दुसरी चाचणी इक्वलायझरची, म्हणजे आवाजातला एखादा पट्टा कमी-जास्त करायच्या सोयीची. गाण्याच्या बऱ्याच अॅपमध्ये तो असतो. ३ हजार हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करा आणि तासभर ऐका. त्रास गेला, तर तुम्हाला काय बदलायचंय ते कळलं. काहीच फरक नाही पडला, तर अॅम्प्लिफायरवर ताण येत असेल किंवा ध्वनिमुद्रणच कर्कश असेल. मग नवे स्पीकर आणूनही उपयोग होणार नाही.

आता ज्याला ‘वॉर्म’ म्हणतात त्या, न टोचणाऱ्या आवाजाबद्दल. जुनी माणसं अशा आवाजाला गोल किंवा भरदार म्हणतात, आणि मला ते शब्द जास्त नेमके वाटतात. हा भरीवपणा येतो साधारण १०० ते ३०० हर्ट्झमधून, म्हणजे पुरुष गायकाच्या छातीतून येणाऱ्या आवाजाचा, तानपुऱ्याच्या खर्जाचा भाग. १९७०च्या दशकात बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाचा चिमुकला स्पीकर बनवला. त्याची पेटी जेमतेम ५ लिटरची, पण वरच्या बासमध्ये, म्हणजे साधारण याच पट्ट्यात, किंचित उठाव असल्यामुळे त्यातून माणसाचा आवाज अंगासकट समोर येतो. लोक आजही तो जपून वापरतात. मात्र भरदार आणि मुका यांत फरक आहे. वरचा आवाज नुसता दाबून टाकलेला स्पीकर दोन दिवस गोड वाटतो, मग गाणं पांघरुणातून ऐकतोय असं वाटू लागतं.

हा फरक ओळखायला तानपुऱ्यासारखी कसोटी नाही. ज्याने तानपुरा लावताना पाहिलाय त्याला माहीत आहे: घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की बंद आवाज एकदम उघडतो, तारेतून स्वरांची झुळूक निघायला लागते. ती जवारी. टोचणारा स्पीकर तिची सळसळ करतो, मुका स्पीकर तिला झाकून टाकतो. चांगल्या स्पीकरवर ती गायकाच्या मागे, शांतपणे, सलग वाहत राहते. दुकानात जाताना विलंबित ख्यालाचं असं एक ध्वनिमुद्रण न्या, ज्यात सुरुवातीला नुसते तानपुरे ऐकू येतात.

आणि हळू आवाजात ऐका. पहिल्या वेळी मी इथेच फसलो. दुकानदाराने दोन जोड्या लावल्या, त्यातली एक थोडी मोठ्याने वाजत होती, आणि मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. दहा मिनिटांत मी तीच उचलली. घरी आठवड्याभरात रात्रीचं ऐकणं बंद झालं. आता मी दोन्हींचा आवाज सारखा करायला लावतो आणि एकेका जोडीवर निदान अर्धा तास बसतो. थकवा दहा मिनिटांत कळत नाही.

तुमच्या जागी मी व्हार्फडेल डायमंड १२.२ घेईन. साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर काढणारा मोठा भाग), कापडी डोमचा, म्हणजे घुमटाचा, ट्वीटर, आणि संवेदनशीलता (ठरावीक वॅटवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते) ८८ डेसिबल असल्यामुळे ५० वॅट तुमच्या हॉलला भरपूर झाले. सोबत एलॅक डेब्यू २.० बी ६.२ ऐकून बघा, त्यालाही कापडी डोम आहे. भाव सारखे बदलतात, दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. हॉर्नवाले, म्हणजे भोंग्यातून आवाज फेकणारे, स्पीकर तुमच्या उघड्या टाइल्सच्या खोलीत मी आणणार नाही. धातूचा ट्वीटर म्हणजे कर्कशच, असा मात्र नियम करू नका. केईएफच्या क्यू १५०ला अॅल्युमिनियमचा डोम आहे आणि तो माझ्या कानाला अजिबात टोचला नाही. शेवटी कान तुमचे आहेत.

अॅम्प्लिफायर बदलू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

टीव्हीच्या युनिटवरून मात्र स्पीकर उतरवा. ते पोकळ लाकूड स्वतःच गुणगुणतं आणि खर्ज गढूळ करतं. बजेटमधले थोडे पैसे स्टँडसाठी ठेवा. तयार घ्यायची गरज नाही. मी जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे करून घेतले, आत चाळलेली कोरडी वाळू भरली आणि वरच्या पट्टीवर रबराचे चार तुकडे चिकटवले. उंची ठरवताना सोफ्यावर नेहमीसारखं रेलून बसा, दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून तुमच्या कानापर्यंत टेप लावायला सांगा, आणि ट्वीटर त्याच उंचीवर येईल असं माप द्या. भिंतीपासून एक फूट अंतर सोडून सुरुवात करा. आवाज पातळ वाटला तर स्पीकर दोन-दोन इंच मागे सरकवा, तबल्याचा बायाँ घुमायला लागला तर पुढे घ्या.