४.० गेला, आता काय?

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत बी प्लस येऊन ४.० ची, म्हणजे पैकीच्या पैकी ग्रेडची, सरासरी मोडल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं काकू फोनवर सांगत होत्या. वाईट वाटणारच गं, शाळेपासून पहिला नंबर सोडला नाहीस तू. रडून घे, पण आकडेही बघ.

समज ६० क्रेडिट झालेत. त्यातल्या ४ क्रेडिटच्या एका विषयात ३.३ (म्हणजे बी प्लस) आणि बाकी सगळीकडे ४.०, तर सरासरी येते ३.९५. अमेरिकेत मेडिकल स्कूलला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.८ च्या आसपास असते. एवढ्यावर डॉक्टरकीवर पाणी सोडायला निघालीस?

तोच विषय पुन्हा घ्यायचं मात्र डोक्यातून काढून टाक. एमडीच्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या पदवीच्या, अर्जात ॲमकास (हे अर्ज घेणारी सेवा) दोन्ही वेळचे ग्रेड धरते, जुना पुसला जात नाही. तो वेळ बायोकेमिस्ट्रीला दे, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, एमकॅटला, ती भरपूर लागते.

प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला फायनलचा पेपर घेऊन जा. मार्क नेमके कुठे गेले ते बघ. बहुतेकांचे मेकॅनिझममध्ये जातात: रिॲक्शन तोंडपाठ, पण इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण कोऱ्या कागदावर काढता येत नाहीत. रोज थोडे काढ, उत्तर झाकून. ग्रेडबद्दल घासाघीस करू नकोस. उद्या त्यांच्याकडेच शिफारसपत्र मागायचंय.

आणि झोप येत नसेल, अभ्यासाला बसवतच नसेल, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे याच आठवड्यात जा. मलाही कधीही फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.