कोड येत नाही? मग भाषांतरापासून सुरू करा

मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायचा असेल, तर कोड येत नसला तरी काही अडत नाही. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये करता येतं. त्यासाठी आधी तिथे खातं उघडा. मीही तिथूनच सुरुवात केली.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- पहिल्या दिवशी दहाच ओळी करा.
- आधी झालेलं काम शोधून बघा. मेनूतल्या ‘सेव्ह’साठी आधी कोणता शब्द वापरलाय ते पाहा. घाईत हमखास ‘वाचवा’ लिहिलं जातं.
- टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे तुकडे जसेच्या तसे ठेवा, एक अक्षरही बदलू नका. तिथे प्रोग्राम स्वतः नाव किंवा आकडा भरतो. वाक्यातली त्यांची जागा मात्र खुशाल हलवा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ती बरेचदा हलवावीच लागते.

तपासणाऱ्याने बदल सुचवले तर खट्टू होऊ नका. माझ्या पहिल्या ओळींपैकी निम्म्या परत आल्या होत्या, आणि शब्द कसा निवडायचा ते मी त्यातूनच शिकलो. उत्तराला उशीर झाला तर नम्रपणे आठवण करून द्या. ही माणसंही नोकरी सांभाळून हे करतात.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. आज दहा ओळी करा, अडलं तर लगेच विचारा.